आईच्या पायांची रग

३ फेब्रुवारी

बोबड्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" असं कागदाला सांगता येत नाही. फेकायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो. तेवढं कर.

बसथांब्यासमोरच्या भिंतीवर गाद्यांची जाहिरात होती ना, तिथे परवा नवा बोर्ड चढला. मी गिऱ्हाइकाचे दोन कोट हातावर टाकून निघाले होते. समोर नुसते पाय. गुडघ्यापासून खाली, एकेक पाय माझ्या दुप्पट उंच. पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या नसांचे गुंते, घोट्याजवळ काळवंडलेलं कातडं. मी तोंड फिरवलं. कुणाचे का असेनात, असलं काही भर रस्त्यात लावतात का, असं मनात म्हणत पुढे निघाले. मग पाय ज्यावर ठेवलेत ते स्टूल दिसलं. त्याला चिंध्यांचं कव्हर. त्यातला पिवळा ठिपक्यांचा तुकडा माझ्या लहानपणीच्या फ्रॉकचा. डाव्या घोट्यावर इस्त्रीच्या टोकाचा डाग. तो पडला तेव्हा बर्फ आणायला मीच धावले होते.

आपल्या आईचे पाय आहेत ते. आणि त्यांच्यावर हातभर अक्षरांत लिहिलंय, "पायांत फार रग आहे? या, जिरवू!" खाली त्या नसांच्या क्लिनिकचं नाव, फोन नंबर आणि हसणारा डॉक्टर.

हे कुणाचं काम असेल याचा विचार करायला मला खाली बसायचीसुद्धा गरज पडली नाही. जाहिराती लिहिणारा आपल्या घरात एकच आहे. गेल्या खेपेला तू आलास तेव्हा आई दुकान बंद करून, स्टुलावर पाय टाकून बसली होती. तू मोबाइल काढलास. "आई, एक ओळखीचा डॉक्टर आहे, त्याला दाखवतो." त्या बिचारीनं कपडा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि तुलाच विचारलं, "असं नीट दिसतंय का रे? की उजेडात येऊ?" मी तिथेच बटणं लावत होते. तू म्हणालास, "जरा खिडकीकडे कर पाय." उजेड छान आलाय बोर्डावर. अभिनंदन.

पाय तिचे उचललेस ते उचललेस, शब्दही तिचाच उचललास. लोक नसा म्हणतात, शाळेत शिरा शिकवतात, डॉक्टर इंग्रजीत बोलतात. त्यांना रगा म्हणणारी एकच बाई मला माहीत आहे. तुझ्या तोंडात 'र' बसेना तेव्हा आपल्या हाताच्या फुगलेल्या नसेवर तुझं बोट ठेवून तीच तुला म्हणायला लावायची, "लग नाही रे, रग. म्हण, रग." बरा शिकलास.

मला तिथेच थुंकावंसं वाटलं. हातावर कोट होते म्हणून गप्प राहिले.

आता कामाचं. डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला आईला जखम झाली आहे, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी. ती भरत नाही. सकाळी पट्टी सोडली की खोलीत वास सुटतो आणि मी खिडकी उघडायला निमित्त शोधते. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणते, "तो दाखवतोय ना त्याच्या डॉक्टरला. त्याचा निरोप येऊ दे." तर तो निरोप पाठव. डॉक्टर काय म्हणाला ते लिही. दाखवलंच नसलंस तर तेही लिही, म्हणजे ती दुसऱ्या कुणाकडे जायला मोकळी होईल.

आणि तो बोर्ड उतरव. आई हल्ली वरच्या खोलीतून खाली दुकानात आणि दुकानातून वर, एवढीच चालते. बसथांब्याकडे जात नाही. तिच्या नजरेला पडायच्या आत उतरव.

ताई


१८ फेब्रुवारी

बोबड्या,

उत्तर मिळालं. कंपनीच्या कागदावर, टाइप केलेलं. मला वाटलं चुकून गिऱ्हाइकाचं पत्र आमच्याकडे आलं. आईसाठी त्यात एक ओळ नाही. ती विचारत होती, "आलं का त्याचं? काय लिहितो?" मी म्हटलं, "कामात आहे." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग कात्रीला तेल लावायला लागली.

"त्यात चेहरा नाही ताई, कुणाला कळणार?" असं तू लिहितोस. आपल्या दुकानाबाहेरच्या किल्लीवाल्याला कळलं. त्याची बैठक जमिनीवर आणि आईचं टेबल आपल्या दाराशी. त्या माणसानं आईच्या चेहऱ्यापेक्षा तिचे पायच जास्त पाहिलेत. मला बाजूला बोलावून हळूच म्हणाला, "त्या बोर्डावर मावशी आहेत का हो?" मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुमचं?" तो म्हणाला, "तसंच असेल," आणि खाली मान घालून किल्ली घासत बसला. त्या माणसाला तुझ्यापेक्षा जास्त लाज आहे.

बाकीच्यांना एवढी नाही. पडदेवाल्या बाई माप द्यायला आल्या आणि दात काढत म्हणाल्या, "तो बोर्ड पाहिलात का? अगदी तुमच्या आईंसारखे पाय! त्यांना पण सांगा, जिरवून घ्या म्हणावं." आई आतल्या बाजूला दोरा ओवत होती. तिनं ऐकलं नसावं. पोरांनी मार्करनं बोर्डावरच्या अंगठ्यांना डोळे-तोंड काढलंय, आणि टाचेशेजारी जे लिहिलंय ते मी कागदावर उतरवणार नाही. एक माणूस बसची वाट बघत त्या पायांना पाठ टेकून खराखरा खाजवत होता. मला अंगभर काटा आला.

आणि मग तू मला मराठी शिकवतोस. "रग म्हणजे नस, आणि रग म्हणजे मस्ती. एका शब्दात दोन्ही बसतात, म्हणून तर ओळ लक्षात राहते. ही भाषेची गंमत आहे ताई."

गंमत कळते मला. दुकानात बसते म्हणून माझं डोकं शिवलेलं नाही. तू दोन अर्थ सांगितलेस, बाकीचे सोयीनं गाळलेस. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, त्यालाही ती रगच म्हणते. "आज पायांना रग लागली गं." बसून कापड कापता येत नाही, बसलं की कात्री तिरकी जाते, म्हणून ती आयुष्यभर उभी राहिली. त्या उभं राहण्यानंच नसा फुगल्या, त्या नसा म्हणजे रगा. आणि बाबा गेल्यावर लोक म्हणाले, दुकान विकून टाका, तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्या अंगात रग आहे तोवर टेबल हलणार नाही." दुखणं, नस आणि हिंमत, तिच्या तोंडी सगळ्याला एकच शब्द. तिला त्यात कधी गंमत करायची गरज वाटली नाही.

आता 'जिरवणं' बघ. रग कुणाची जिरवतात रे? माजलेल्याची. मुजोराची. जिरवतो तो दुसराच असतो, आणि चार लोक उभे राहून मजा बघतात. "कशी जिरली!" हे कुणी कधी मायेनं म्हटलेलं ऐकलंयस? तू आपल्या आईच्या पायांवर लिहून ठेवलंस की या, हिची जिरवू. आणि मला सांगतोस की ओळ लक्षात राहते. राहते बाबा. मला झोपेतसुद्धा राहते.

तुझं पार्सलही आलं. घट्ट पायमोजे, त्यांवर क्लिनिकचं नाव, खोक्यावर 'मोफत नमुना'. आईनं उलटेसुलटे करून पाहिले, ताणून पाहिले. विचारलं, "आत चिठ्ठी आहे का?" मी म्हटलं, नाही. "बरं. इलास्टिक चांगलंय," म्हणाली, आणि दुपारी ते कापून एका पोराच्या सैल चड्डीच्या कमरेला लावून टाकले. मला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं.

एक मात्र मला कळत नाही. हल्ली ती डॉक्टरच्या निरोपाचं नाव काढत नाही. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, "पाय माझे आहेत. कुणाला दाखवायचे ते मी ठरवीन." जखम आता वाढली आहे. तू गप्प बसतोयस आणि ती सडतेय. एवढा साधा हिशोब आहे.

ताई


४ मार्च

बोबड्या,

तुझ्याकडून काही होत नाही असं दिसल्यावर काल मीच त्या क्लिनिकमध्ये गेले. काचेचं दार, आत गारठा, फुलांचा वास आणि फुलं कुठेच नाहीत. काउंटरवरची मुलगी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघून म्हणाली, "दाखवायचंय?"

मी म्हटलं, "दाखवून झालंय. त्याबद्दलच बोलायला आलेय."

तिला काही कळलं नाही. तिनं मॅनेजरला बोलावलं. गुळगुळीत दाढी केलेला, हसरा, हात चोळत बोलणारा माणूस.

"बोर्डावरचे पाय माझ्या आईचे आहेत," मी म्हटलं. "तिला न विचारता लावलेत."

"मॅडम, आम्हाला फोटो जाहिरात एजन्सी देते. पाय कुणाचे ते आम्हाला माहीत नसतं."

"मी सांगतेय ना कुणाचे ते."

"एजन्सीनं सांगितलंय, परवानगीची काही अडचण नाही म्हणून."

"एजन्सीत माझा भाऊ आहे."

"मग घरचंच आहे की!" त्याला खरंच हायसं वाटलं. "काय ओळ आहे हो! लोक येतात ते हसतच येतात. म्हणतात, आमची रग जिरवा." आणि तोही हसला. मग त्याला सुचलं, "आईंना घेऊन या ना. सवलत देऊ. आधीचा फोटो आहेच, नंतरचा काढू. शेजारी शेजारी लावू."

त्यांचा तो गार, गोड वास नाकात बसला होता. बाहेर येऊन मी गटाराच्या कडेला उभी राहिले, तो वास मला बरा वाटला.

एक उपयोगाची गोष्ट मात्र कळली. एजन्सीनं सांगितलं तर बोर्ड दुसऱ्या दिवशी उतरतो. नाहीतर मुदत संपेपर्यंत राहतो. म्हणजे तू साहेबासमोर उभं राहून एक वाक्य बोलायचंय, "ते माझ्या आईचे पाय आहेत." एवढंच. जाहिरातीत शंभर वाक्यं लिहितोस, हे एक बोल.

की साहेबाला वेगळंच काही सांगून ठेवलंयस? कुणाचे म्हणून सांगितलेस ते पाय? खरं लिही.

ताई


११ मार्च

बोबड्या,

आई हॉस्पिटलात आहे. जिवंत आहे. आधी तेच लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

परवा सकाळी ती पडदेवाल्या बाईंचे पांढरे पडदे कापत होती. मी मशीनवर होते. ती म्हणाली, "अगं, चपलेत काहीतरी ओलं लागतंय." पाणी सांडलं असेल अशा आवाजात. मी वाकून बघितलं तर घोट्याजवळची एक रग फुटली होती. रक्ताची बारीक धार, पिचकारीसारखी, टेबलाच्या पायावर, फरशीवर, पडद्यावर. ती कात्री हातात धरून उभीच. मला म्हणते, "पडदा काढ आधी. डाग जायचा नाही."

मी तिला कापायच्या टेबलावर आडवी केली, पाय वर धरला आणि तोच पडदा घडी करून जखमेवर दाबला. किल्लीवाला माझ्या ओरडण्यानं आत आला. त्यानं काही विचारलं नाही. रस्त्यात उभं राहून गाडी थांबवली, आईला उचलून आत ठेवली, आणि तिचा पाय आपल्या मांडीवर घेऊन हॉस्पिटलापर्यंत दाबून धरला. त्याची पँट भिजली. मला त्या पायाचा रोज वास यायचा, त्याला आला नाही का, कुणास ठाऊक.

तिथली डॉक्टरीण तरुण आहे, तोंडाची फटकळ आणि हाताची हलकी. तिनं पट्टी उलगडली आणि म्हणाली, "आजी, हे इतकं होईपर्यंत कुणाला दाखवलं नाहीत?"

आई म्हणाली, "दाखवलेत की. माझ्या मुलानं दाखवलेत. अख्ख्या शहराला."

डॉक्टरणीला वाटलं, रक्त गेल्यामुळे बरळतेय. मला कळलं.

तिनं तो पहिल्याच दिवशी पाहिला होता. मी कोट द्यायला गेले, मागे निळा दोरा संपला, म्हणून ती स्वतःच हळूहळू बसथांब्यापलीकडच्या दुकानात गेली. मी जिथे उभी होते तिथेच तीही उभी राहिली, थोड्या वेळानं. शेजारी एक बाई होती, ती नाक दाबल्यासारखं करून म्हणाली, "शी! काय पाय आहेत!" आई म्हणाली, "हो ना."

हे तिनं मला हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं. मी विचारलं, मग इतके दिवस मला बोलली का नाहीस? तर म्हणे, "तू त्याला शिव्या घातल्या असत्यास." ती माझ्यापासून लपवत होती, मी तिच्यापासून, आणि दोघी एकाच टेबलाशी उभ्या राहून दिवसभर सैल कपडे आत घेत होतो.

आता ऐक. डॉक्टरीण म्हणते, वरची मुख्य नस बंद करावी लागेल. छोटं ऑपरेशन आहे. नाही केलं तर जखम भरणार नाही, आणि पुन्हा रग फुटेल. फुटेल तेव्हा जवळ कुणी असेलच असं नाही. परवा मी गिऱ्हाइकाकडे गेलेली असते तर? आई सही करत नाही. म्हणते, "तो बोर्ड आहे तोवर नाही."

मी तिच्यावर शिरा ताणून ओरडले, सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. ती शांत. "लोक काय म्हणतील? बोर्ड वाचून गेली. जिरली म्हातारीची. माझ्याच पोरानं लिहिलेलं मी माझ्या पायांनी खरं करून दाखवू होय?"

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, ती फक्त एक नस आहे."

"तुमच्यासाठी," आई म्हणाली. "आमच्यात तिला रग म्हणतात."

तू एका शब्दात दोन अर्थ बसवलेस ना, तर आता ते सुटे करून दाखव. मला येत नाहीत. डॉक्टरणीला येत नाहीत. बोर्ड उतरव, बोबड्या. आता मी रागानं लिहीत नाही, तुझ्या पाया पडून लिहितेय. तिच्या तर पडायची सोय तू ठेवली नाहीस.

ताई


२४ मार्च

तुझा चार ओळींचा मेसेज वाचला. पुन्हा वाचला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

"ताई, ऑफिसात मी ते विकतचे फोटो आहेत असं सांगितलंय. आता घरचे आहेत म्हटलं तर माझी शोभा होईल. मुदत संपतच आलीय. आईला तोवर समजाव."

तुझी शोभा. तुझी शोभा होईल. तिची झाली ती काय होती रे? सजावट?

लहानपणी तुझा शेंबूड मी पुसलाय, तुझी ओकारी उपसलीय, कधी नाक मुरडलं नाही. आज तुझा मेसेज पाहून नाक मुरडते. आईच्या जखमेला वास येतो, पण ती जखम आहे, तिला यायचाच. तुझ्या या चार ओळींना येतो तो कशाचा?

आईला घरी आणलंय. उशांवर पाय ठेवून पडून असते. मी खाली मशीन चालवते आणि दर दोन शिवणींनंतर वर जाऊन चादर बघते, लाल झाली का. डॉक्टरणीनं दोनदा विचारलं, काय ठरलं. मी म्हणाले, घरात बोलतोय. घरात कोण आहे बोलायला?

मी तिला तुझा मेसेज दाखवला नाही. दाखवला असता तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं.


६ एप्रिल

बोबड्या,

बोर्ड उतरला.

गेल्या आठवड्यात एका दुपारी मी बटणं आणायला गेले तेव्हा एक माणूस शिडीवर चढून तो सोडवत होता. आधी अक्षरं लोंबली, मग गुडघे, मग पोटऱ्या दुमडून खाली आल्या. मी शिडीखाली जाऊन विचारलं, "कुणी काढायला सांगितलं?"

"मुदत संपली."

"कुणाचा फोन आला होता का, काढा म्हणून? एजन्सीतून? कुणी मुलगा?"

तो वरून माझ्याकडे बघून हसला. "बाई, मुदत संपली की आम्ही बदलतो. फोन कशाला लागतो?"

आता तिथे पाण्याच्या टाक्या आहेत.

खाली पडलेला फ्लेक्स तो कुणाच्या तरी हातगाडीवर छप्पर घालायला देणार होता. मी मागून घेतला. गुंडाळून दुकानात आणला, कापायच्या टेबलावर पसरला आणि आईच्या मोठ्या कात्रीनं त्याचे तुकडे केले. पाय, स्टूल, माझा पिवळा फ्रॉक, हसणारा डॉक्टर. प्लॅस्टिकनं कात्रीची धार गेली. किल्लीवाला दारातून बघत होता. त्यानं तुकड्यांची पिशवी माझ्या हातातून घेतली आणि कुठेतरी लांब टाकून आला.

मग मी वर गेले. आईला म्हटलं, "बोर्ड उतरला."

ती उशांवरून उठून बसली. "त्यानं काढायला लावला?"

वर येईपर्यंत माझं सगळं ठरलेलं होतं. खरं सांगायचं, शिडीवरच्या माणसाचं, मुदतीचं, तुझ्या मेसेजचं, सगळं. मी तिच्या पायाशी बसले. पट्टीतून पिवळं पाझरलेलं होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही, नुसती बघत राहिली.

"हो," मी म्हटलं. "साहेबाशी भांडला म्हणे." हे 'म्हणे' माझं आहे. तुझ्यासारखंच झटकन सुचलं.

तिनं चादर ओढून पाय झाकले आणि म्हणाली, "उशिरा का होईना, पोरानं आईची अब्रू झाकली." आणि थोड्या वेळानं, "त्या डॉक्टरीणबाईंना विचार, कधी येऊ."

ऑपरेशन काल झालं. डॉक्टरीण म्हणते, जखम भरेल, पण दिवस लागतील, आणि उभं राहायचं काम आता कमी. आई त्यावर म्हणाली, बघू. शुद्धीवर आल्यापासून तिनं नर्सला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला, त्या बाईला भेटायला आलेल्यांना, सगळ्यांना सांगून झालंय की माझा मुलगा माझ्यासाठी साहेबाशी भांडला, नोकरीची पर्वा केली नाही. नोकरीचं मी सांगितलं नव्हतं. ते तिनं स्वतःच जोडलं. लोक "वा!" म्हणतात, आणि मी डबा धुवायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभी राहते. तुझी शिसारी येते, आणि आता माझीही येते. तुझ्या खोट्यानं तिचा पाय गेला असता, माझ्या खोट्यानं वाचला. तरी तोंडात चव एकच.

रविवारी ती तुला फोन करणार आहे. आजवर तिनं आपणहून केला नव्हता, यावेळी करणार आहे. मीटिंग असो, साहेब समोर असो, उचल. ती विचारेल, "तूच काढलास ना रे?"

हो म्हण.

ताई